रिकामी स्ट्रिंग आणि रिकामे कलेक्शन यांसाठी टेस्टमधील असर्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान रोज युनिट टेस्ट लिहिणाऱ्या आणि इतरांच्या टेस्ट तपासणाऱ्या विकासकांसाठी आहे. असर्शन म्हणजे कोडचे उत्तर अपेक्षेप्रमाणे आहे का, हे तपासणारी टेस्टमधली ओळ. रिकामेपणाची पडताळणी अशा एका ओळीत उरकते, त्यामुळे कोड रिव्ह्यू करताना त्या ओळीवर कोणी थांबत नाही. पण काहीही सिद्ध न करता पास होणाऱ्या टेस्ट शोधायला बसले, तर त्यांतल्या बऱ्याच याच प्रकारच्या निघतात. मेथड आणि लायब्ररी यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. उदाहरणे शक्यतो एका ग्रंथालयाच्या प्रणालीतली घेतली आहेत: सभासद क्रमांक आणि तारीख दिली की त्या सभासदाकडे असलेल्या, मुदत उलटलेल्या पुस्तकांची लिस्ट परत करणारे एक फंक्शन आपल्याकडे आहे असे समजावे.

नल, रिकामी स्ट्रिंग आणि नुसत्या स्पेस असलेली स्ट्रिंग यांत टेस्टने फरक का करावा?

कारण फंक्शन वापरणाऱ्या कोडसाठी या तिन्हींचे अर्थ वेगळे असतात. सभासदाच्या फोन नंबरचा रकाना घ्या. तेथे नल, म्हणजे कोणतीही व्हॅल्यूच नसणे, असेल, तर नंबर कधी विचारलाच गेला नाही. रिकामी स्ट्रिंग असेल, तर अर्ज भरला गेला पण रकाना कोरा सोडला. आणि दोन स्पेस असतील, तर बहुधा अर्ज पुढे जाऊ देत नव्हता म्हणून कोणीतरी स्पेसबार दाबून वाट काढली. पहिल्या सभासदाला काउंटरवर नंबर विचारायचा, दुसऱ्याला पुन्हा त्रास द्यायचा नाही आणि तिसऱ्याचा अर्ज मुळात स्वीकारायलाच नको होता, असे नियम असतील, तर "नंबर नाही" एवढेच पाहणारी टेस्ट तिन्ही नियमांपैकी एकाचीही राखण करत नाही. असर्शन लिहिण्याआधी फंक्शनने या तिन्हींपैकी नेमके काय परत करायचे ठरले आहे, हे विचारावे. ठरलेलेच नसेल, तर ते ठरवून घेण्याची हीच वेळ आहे.

लांबी शून्य आहे एवढे तपासले तर पुरेसे नाही का?

बरोबर-चूक ठरवण्यापुरते पुरेसे आहे; अडचण येते ती टेस्ट फेल होते तेव्हा. जावाच्या जेयुनिट ५ या टेस्ट लायब्ररीत असर्ट ट्रूच्या कंसात लिस्टचे इज एम्टी लिहिले आणि लिस्टमध्ये दोन पुस्तके निघाली, तर संदेश मिळतो तो एवढाच: अपेक्षित ट्रू, मिळाले फॉल्स. कोणती दोन पुस्तके, कोणत्या तारखेची, याचा पत्ता नाही. बिल्ड सर्व्हरवर रात्री फेल झालेली टेस्ट सकाळी वाचणाऱ्याला मग ती स्वतःच्या मशीनवर पुन्हा चालवावी लागते, आणि दोष तारखेवर अवलंबून असेल तर सकाळी तो दिसतोच असे नाही. त्याऐवजी असर्टजे या जावाच्याच असर्शन लायब्ररीतले असर्ट दॅट वापरून त्यावर इज एम्टी लावले, तर संदेशात लिस्टमधले घटक छापले जातात, आणि मुदत नेमकी आजच संपणारे पुस्तक "उलटलेले" म्हणून मोजले गेले आहे, हे संदेश वाचतानाच लक्षात येते. म्हणजे तारखांची तुलना करताना "पेक्षा लहान" ऐवजी "पेक्षा लहान किंवा समान" पडले आहे, हे कोड न उघडता कळते.

जावास्क्रिप्टच्या जेस्ट या टेस्ट साधनातही हाच भेद आहे. लेंग्थ काढून तिच्यावर टू बी शून्य असे लिहिले, तर फक्त दोन आकडे दिसतात. टू हॅव लेंग्थ शून्य असे लिहिले, तर आकड्यांबरोबर ॲरेही दिसतो. रस्टमध्ये असर्ट मॅक्रोला इज एम्टी दिले तर फेल झाल्यावर केवळ ती अभिव्यक्तीच परत छापली जाते, तर असर्ट ईक्यू वापरून रिकाम्या ॲरेशी तुलना केली तर दोन्ही बाजू छापल्या जातात. डॉटनेटमध्ये एनयुनिटचे इज डॉट एम्टी आणि एक्सयुनिटचे असर्ट डॉट एम्टी हे दोन्ही स्ट्रिंगवरही चालतात आणि कलेक्शनवरही. एक्सयुनिटच्या ॲनालायझरमध्ये (कोड न चालवता तपासणाऱ्या साधनात) तर यासाठी नियमच आहे: २०१३ क्रमांकाचा नियम, कलेक्शनच्या आकाराची शून्याशी तुलना करू नका, असा इशारा देतो.

पायथनमध्ये "असर्ट नॉट लिस्ट" ही सर्वमान्य पद्धत आहे. टेस्टमध्ये ती का टाळावी?

पायथनच्या लेखनशैलीचे नियम देणाऱ्या पेप ८ मध्ये रिकामी सिक्वेन्स फॉल्स मानली जाते याचा फायदा घ्या असे सांगितले आहे, आणि नेहमीच्या कोडसाठी तो सल्ला योग्यच आहे. टेस्टचे काम मात्र वेगळे असते. "असर्ट नॉट" ही ओळ रिकाम्या लिस्टवर पास होते, तशीच नन (पायथनमधले नल), शून्य, फॉल्स, रिकामी डिक्शनरी आणि रिकामी स्ट्रिंग यांवरही पास होते. मुदत उलटलेली पुस्तके काढणाऱ्या फंक्शनच्या शेवटी कोणी रिटर्न लिहायला विसरले, तर पायथन मुकाट्याने नन परत करतो आणि आपली टेस्ट हिरवीच राहते. त्याऐवजी "असर्ट निकाल डबल इक्वल रिकामी लिस्ट" असे लिहिले, तर ननवर ती लगेच फेल होते. शिवाय पायटेस्ट हे पायथनचे टेस्ट साधन अशा तुलनेत डाव्या बाजूला किती घटक जास्त आहेत आणि पहिला जादा घटक कोणता, हे वेगळे दाखवते.

आणखी तीन जागा सांभाळण्यासारख्या आहेत. पहिली जनरेटरची. फंक्शनमध्ये यील्ड वापरले असेल, तर परत मिळणारी वस्तू जनरेटर, म्हणजे मागितल्यावर एकेक घटक देणारी वस्तू, असते आणि ती नेहमी ट्रू मानली जाते. त्यातून एकही घटक निघणार नसला तरी. म्हणून "असर्ट नॉट" तिच्यावर कायम फेल होईल, आणि त्याहून वाईट म्हणजे, काहीतरी मिळाले हे पाहण्यासाठी लिहिलेले साधे "असर्ट निकाल" कायम पास होईल. जनरेटरची आधी लिस्ट करून घ्यावी. दुसरी जागा कंसांची. असर्टनंतर अट आणि संदेश दोन्ही एकाच कंसात घातले, तर ते दोन घटकांचे टपल होते, आणि भरलेले टपल नेहमी ट्रू. पायथन यावर सिंटॅक्स वॉर्निंग देतो, पण हजारो ओळींच्या लॉगमध्ये ती कोणी पाहत नाही. तिसरी पांडाज या डेटा हाताळणाऱ्या लायब्ररीची. तिच्या डेटाफ्रेमला, म्हणजे तक्त्याला, थेट "असर्ट नॉट" लावले की व्हॅल्यू एरर येतो, कारण संपूर्ण तक्त्याचे खरे-खोटे संदिग्ध ठरते. तेथे डॉट एम्टी हा गुणधर्म तपासावा.

जावास्क्रिप्टमध्ये टू बी फॉल्सी वापरले तर?

जेस्टचे हे असर्शन फॉल्स मानली जाणारी कोणतीही व्हॅल्यू चालवून घेते. रिकाम्या स्ट्रिंगवर ते पास होते, पण अनडिफाइन्ड, नल, शून्य आणि नॅन यांवरही होते, म्हणून स्ट्रिंगसाठी ते सोडून द्यावे आणि टू बी लावून रिकाम्या स्ट्रिंगशी थेट तुलना करावी. ॲरेवर मात्र ते उलटेच वागते, कारण जावास्क्रिप्टमध्ये रिकामा ॲरे ट्रू मानला जातो. टू बी लावून रिकाम्या ॲरेशी तुलना केली तर तीही कायम फेल होते, कारण टू बी ओळख पाहते आणि टेस्टमध्ये लिहिलेला ॲरे ही मेमरीतली दुसरीच वस्तू असते. ॲरेसाठी टू ईक्वल किंवा टू हॅव लेंग्थ वापरावे.

रिकाम्या ऑब्जेक्टच्या बाबतीत टू ईक्वलही थोडे सैल आहे. एखाद्या की-ची व्हॅल्यू अनडिफाइन्ड असेल, तर टू ईक्वल ती की जमेस धरत नाही आणि ऑब्जेक्ट रिकामाच मानतो. की असणे आणि नसणे यात फरक पडत असेल, तर टू स्ट्रिक्ट ईक्वल हवे. लोडॅश या मदतनीस लायब्ररीचे इज एम्टी असर्शनमध्ये आणू नये. त्याला एखादी संख्या दिली तरी ते ट्रू परत करते.

पीएचपीत असर्ट एम्टी आहेच, मग ते का वापरू नये?

पीएचपीयुनिटचे असर्ट एम्टी बहुतेक व्हॅल्यूंसाठी भाषेतल्या एम्टीचाच आधार घेते, आणि पीएचपीच्या एम्टीला "०" ही एका अक्षराची स्ट्रिंगसुद्धा रिकामी वाटते. दंडाची रक्कम स्ट्रिंगच्या रूपात परत येत असेल, तर "दंड शून्य रुपये" आणि "दंडाची नोंदच नाही" या दोन्हींवर टेस्ट पास होईल. स्ट्रिंगसाठी असर्ट सेम आणि ॲरेसाठी असर्ट काउंट शून्य लिहावे, प्रश्न संपतो.

गो भाषेत निल स्लाइस आणि रिकामी स्लाइस दोन्हींची लांबी शून्यच असते. फरक तपासावा का?

स्लाइस म्हणजे गोमधली लिस्ट आणि निल म्हणजे तिथले नल. डेटा पॅकेजबाहेर जात नसेल तर फरक तपासू नये. गोच्या कोड रिव्ह्यूविषयीच्या अधिकृत सूचनांतही निल स्लाइसलाच पसंती दिली आहे, आणि लांबी व फेरी (लूप) दोन्हींच्या बाबतीत ती रिकाम्या स्लाइससारखीच वागते. पण जेसन (प्रणालींमध्ये डेटा पाठवण्याचे मजकूर-स्वरूप) तयार होताना दोन्हींच्या वाटा वेगळ्या होतात: निल स्लाइसचे नल होते, रिकाम्या स्लाइसचे रिकामे चौकोनी कंस होतात. मोबाइल ॲप त्या उत्तरावर फेरी चालवणार असेल, तर नल मिळाल्यावर ते कोसळू शकते. अशा ठिकाणी स्लाइसवर असर्शन न लिहिता तयार झालेल्या जेसन मजकुरावर लिहावे, कारण वचन तेथे दिलेले असते.

उलट बाजूची अडचणही येते. रिफ्लेक्ट पॅकेजचे डीप ईक्वल निल आणि रिकामी स्लाइस वेगळ्या मानते, त्यामुळे ज्या टेस्टला हा फरक नको आहे त्याही फेल होतात. प्रमाण लायब्ररीतील स्लायसेस पॅकेजचे ईक्वल दोन्ही समान मानते. टेस्टिफाय या लायब्ररीचे एम्टी मात्र निल, शून्य, फॉल्स आणि रिकामी स्ट्रिंग या सगळ्यांना एकाच माळेत ओवते, म्हणून प्रकार निश्चित माहीत असेल तेथेच ते वापरावे.

"काहीच मिळू नये" असे सांगणारी टेस्ट पास होते. ती योग्य कारणाने पास होते आहे, हे कसे ओळखावे?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. लिस्ट रिकामी येण्याला एक योग्य कारण असते आणि अयोग्य कारणे कितीतरी असतात. "मुदत उलटलेले एकही पुस्तक स्वतःकडे नसलेल्या सभासदाला रिकामी लिस्ट मिळावी" ही टेस्ट पाहा. टेस्टमध्ये सभासद क्रमांक टाइप करताना चुकला, तर लिस्ट रिकामी येते. सेटअपमध्ये सभासदाची नोंद सेव्ह झाली पण पुस्तकांची झालीच नाही, तर लिस्ट रिकामी येते. फंक्शनने आतला एक्सेप्शन गिळून टाकला, तरी लिस्ट रिकामीच येते. या सर्व वेळी असर्शन कितीही नेमके असले, तरी टेस्ट पास होते आणि तिने सिद्ध काहीच केलेले नसते.

त्यावर उपाय असर्शनमध्ये सापडत नाही, तो टेस्टच्या मांडणीत आहे. नियम चुकीचा अमलात आला असता तर लिस्टमध्ये नक्की येऊन पडले असते, असे काहीतरी डेटामध्ये मुद्दाम ठेवावे. म्हणजे त्याच सभासदाच्या नावावर उद्या मुदत संपणारे एक पुस्तक ठेवावे. आठ दिवस उशिरा, पण परत केलेले, एक ठेवावे. आणि शेजारच्या सभासदाच्या नावावर मुदत उलटलेले एक ठेवावे. आता तारखेची तुलना उलटी लिहिली गेली, परत केल्याची खूण पाहायची राहिली किंवा सभासदानुसार गाळणी लागली नाही, तर प्रत्येक वेळी एक एक पुस्तक लिस्टमध्ये डोकावेल आणि टेस्ट फेल होईल. रिकाम्या डेटाबेसवर चालवलेली रिकामेपणाची टेस्ट माझ्या मते लिहिली नाही तरी चालेल.

जोडीला त्याच सेटअपवर एक होकारार्थी टेस्ट असावी: आजची तारीख दोन दिवस पुढे सरकवली की उद्या मुदत संपणारे तेच पुस्तक लिस्टमध्ये येते. सेटअपच मोडला असेल तर ही दुसरी टेस्ट फेल होईल आणि पहिलीच्या हिरव्या रंगावर विसंबून राहण्याची वेळ येणार नाही.

लूपमध्ये प्रत्येक घटकावर असर्शन लिहिले आहे. तेथेही हा धोका आहे का?

आहे, आणि तो अधिक आत दडलेला असतो. लिस्ट रिकामी असेल तर लूप एकदाही फिरत नाही, एकही असर्शन चालत नाही आणि टेस्ट पास होते. जावाच्या स्ट्रीमचे ऑल मॅच, पायथनचे ऑल आणि असर्टजेचे ऑल सॅटिस्फाय हे तिन्ही रिकाम्या कलेक्शनवर पास होतात. तर्कशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण नियम मोडणारा एकही घटक तेथे नसतो. म्हणून अशा तपासणीच्या आधी अपेक्षित घटकसंख्येचे असर्शन लिहावे. जेस्टमध्ये एक्स्पेक्ट डॉट असर्शन्स वापरून किती असर्शन चालली पाहिजेत, हे आधीच सांगता येते. एकच टेस्ट अनेक इनपुटवर चालवणाऱ्या पायटेस्टच्या पॅरामेट्राइझला फाइलमधून वाचलेली लिस्ट दिली आणि ती रिकामी निघाली, तर टेस्ट फेल न होता स्किप होते, हेही ध्यानात असू द्यावे.

"नल किंवा रिकामे" अशी एकत्रित असर्शने मिळतात. ती कधी वापरावीत?

क्वचित. आपल्या ताब्यात नसलेली सेवा कधी नल, कधी रिकामी स्ट्रिंग पाठवते आणि ते तसेच स्वीकारायचे ठरले आहे, अशा वेळी ती प्रामाणिक ठरतात. स्वतःच्या कोडवर ती लावणे म्हणजे फंक्शन काय परत करते हे ठरवायचे टाळणे होय. असर्टजेचे साधे इज एम्टी नलवर फेल होते, आणि आपल्याला तेच हवे असते. जावाच्या हॅमक्रेस्ट लायब्ररीतही एम्टी स्ट्रिंग, एम्टी ऑर नल स्ट्रिंग आणि ब्लँक स्ट्रिंग असे तीन वेगळे मॅचर आहेत. लेखकाने त्यांतला कोणता निवडला, यावरून त्याचा हेतू वाचणाऱ्याला कळतो.

स्ट्रिंग डोळ्यांना कोरी दिसते, पण असर्शन फेल होते. असे का?

आत न दिसणारी अक्षरे असतात, आणि कोणते अक्षर "मोकळी जागा" म्हणून धरायचे यावर भाषांचे एकमत नाही. वेबपानावरून कॉपी केलेल्या मजकुरातून येणारी नो-ब्रेक स्पेस घ्या. डॉटनेट, पायथन आणि जावास्क्रिप्ट तिला मोकळी जागा मानतात. २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ मधले इज ब्लँक मात्र मानत नाही, त्यामुळे तीच स्ट्रिंग सी-शार्पच्या सेवेत कोरी आणि जावाच्या सेवेत भरलेली ठरते. झिरो विड्थ स्पेस तर यांपैकी कोणालाच मोकळी जागा वाटत नाही.

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांना येथे आणखी एक गोष्ट पाहावी लागते. "दुसऱ्या", "वाऱ्यावर" अशा शब्दांतला अर्धा र काही कीबोर्ड ऱ या स्वतंत्र अक्षराने लिहितात, तर काही र, हलन्त आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर अशा क्रमाने लिहितात. म्हणजे न दिसणारे हे अक्षर मराठी शब्दात अगदी वैध आहे. शब्द लिहून खोडताना ते एकटे मागे राहिले, तर रकाना कोरा दिसतो, लांबी एक भरते आणि सक्तीचा रकाना भरला आहे असे प्रणाली समजते. घाईघाईने सर्व जॉइनर काढून टाकण्याचा उपाय केला, तर "दुसऱ्या" मधला अर्धा र जाऊन य वर रफार चढतो. म्हणून टेस्ट दोन हव्यात: केवळ जॉइनर असलेली स्ट्रिंग कोरी ठरावी, आणि जॉइनर वापरून लिहिलेला शब्द जसाच्या तसा परत यावा. टेस्टच्या कोडमध्ये हे अक्षर थेट न टाकता युनिकोड एस्केपने लिहावे, नाहीतर पुढचा वाचणारा ती स्ट्रिंग रिकामीच समजेल.

रिकामी स्ट्रिंग सेव्ह केली आणि वाचताना नल मिळाले. दोष असर्शनचा आहे का?

डेटाबेस ओरॅकल असेल तर नाही. ओरॅकल शून्य लांबीची स्ट्रिंग नल म्हणूनच ठेवते; पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्हींत फरक करतात. त्यामुळे विकासकाच्या मशीनवर एच-टू या मेमरीतल्या डेटाबेसवर पास होणारी टेस्ट ओरॅकलवर फेल होऊ शकते. एच-टूला ओरॅकल मोडमध्ये चालवले तर तोही रिकाम्या स्ट्रिंगला नल मानतो, पण हा मोड म्हणजे पूर्ण ओरॅकल नव्हे. ज्या टेस्टचा निकाल या फरकावर अवलंबून आहे ती खऱ्या डेटाबेसवरच चालवावी.

जावात लिस्ट डॉट ऑफ आणि नवी ॲरेलिस्ट, दोन्ही रिकाम्या असतील तर समान ठरतात का?

हो, कारण लिस्टची समानता घटकांवरून ठरते, क्लासवरून ठरत नाही. मात्र रिकामी लिस्ट आणि रिकामा सेट कधीही समान ठरत नाहीत. परत मिळालेल्या लिस्टमध्ये पुढे भर घालायची असेल, तर तेही टेस्टमध्ये करून पाहावे. लिस्ट डॉट ऑफमध्ये ॲड केले की एक्सेप्शन येतो, आणि रिकामेपणाच्या असर्शनला त्याचा सुगावा लागत नाही.

"रिकामे नाही" एवढे असर्शन पुरेसे असते का?

सहसा नसते. फंक्शनने भलतीच तीन पुस्तके परत केली तरी ते पास होते. अपेक्षित घटक माहीत असतील तर तेच लिहावेत. आयडी किंवा टोकनसारखी दर वेळी बदलणारी स्ट्रिंग असेल तर हे असर्शन चालते, पण तेथेही तिचा साचा तपासणे अधिक उपयोगाचे असते.

जुन्या प्रकल्पात अशी शेकडो असर्शने आहेत. सुरुवात कोठून करावी?

सगळी एकदम बदलू नयेत. लांबीची शून्याशी तुलना करणाऱ्या ओळी साधनांनीच शोधता येतात. एक्सयुनिटचा वर सांगितलेला नियम हेच काम करतो, आणि हे बदल केवळ संदेश सुधारणारे असल्याने सावकाश केले तरी चालतात. घाई आहे ती ननवर किंवा नलवर पास होणाऱ्या ओळींची. त्या नेमक्या केल्यावर ज्या टेस्ट फेल होतील, त्यांच्यामागे बहुतेक वेळा फंक्शनचा खरा दोष किंवा न ठरलेला करार असतो, म्हणून त्या एकेक करून पाहाव्यात.

राहिल्या योग्य कारणाशिवाय पास होणाऱ्या टेस्ट. त्यांच्यासाठी म्युटेशन टेस्टिंग (कोड मुद्दाम बिघडवून टेस्टना ते कळते का, हे पाहणे) हे सर्वांत चांगले साधन आहे. जावासाठीचे पिट हे साधन फंक्शनचे उत्तर मुद्दाम रिकामी स्ट्रिंग किंवा रिकामी लिस्ट असे बदलते आणि एखादी तरी टेस्ट फेल होते का, हे पाहते. जावास्क्रिप्टसाठीचे स्ट्रायकर भरलेल्या ॲरेच्या जागी रिकामा ॲरे ठेवून पाहते. ज्या फंक्शनचे उत्तर रिकामे करूनही सर्व टेस्ट हिरव्याच राहतात, त्याला होकारार्थी टेस्टची जोड कधी मिळालेलीच नाही. अशा फंक्शनची यादी हाती आली की काम तिच्यापासून सुरू करावे, आणि पैसे, परवानगी किंवा मुदत ठरवणारी फंक्शने आधी घ्यावीत.